एका नाकाला दोन टॅग

"पस्तीस वर्षं कारखान्यात क्वालिटीला होतो. माझ्या नजरेखालून एक तडा सुटला नाही! आणि हे टेबल तर मी आज सकाळी स्वतः तपासलंय. यावर हत्ती उभा करा. हत्ती थकेल, टेबल थकणार नाही."

एवढं बोलून सुधाकर खानझोड्यांनी टेबलावर एक सणसणीत थाप मारली. अवधपुरीच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा महाप्रसाद होता, पंगत बसायची होती आणि टेबलावर साठ माणसांची कढी होती. टेबलाने आधी डावा पाय दुमडला. मग थोडा विचार करून उजवा दुमडला. कढीचं पातेलं घसरत घसरत आलं आणि सुधाकररावांच्या छातीवर टेकून पालथं झालं. नशीब, कढी कोमट होती. मंडळाची कढी दरवर्षी कोमटच असते आणि दरवर्षी त्याबद्दल कोणीतरी रुसतं. या वर्षी कोणी रुसलं नाही.

वैजयंतीबाई पदर खोचून धावल्या. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, त्यामुळे घाबरायचं केव्हा आणि हसायचं केव्हा हे त्यांना बरोबर कळायचं.

"अहो, हत्ती कुठाय?" त्यांनी विचारलं.

"बिजागरी ढिली होती. बिजागरी माझ्या स्कोपमध्ये येत नाही," कढीतून उत्तर आलं.

तेवढ्यात देवपुजारींची क्षितिजा नॅपकिन घेऊन आली. देवपुजारी म्हणजे सुधाकररावांचे कारखान्यातले जोडीदार. त्यांची ही मुलगी आता कातडीची डॉक्टर झाली होती, पण सुधाकररावांच्या लेखी ती अजून फ्रॉकमध्येच होती. तिने काकांचं कपाळ पुसलं, गाल पुसले, मिशीतला कढीपत्ता काढला. नाकपुडीवरची एक मोहरी मात्र हलेना.

"काका, ही निघत नाहीये."

"घास ना जोरात. नाक आहे, झिजत नाही."

क्षितिजाने घासलं नाही. तिने त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि तिचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला. "ही मोहरी नाही काका. किती दिवसांपासून आहे हे?"

"अगं, तो चष्म्याचा वळ आहे."

"चष्मा नाकपुडीवर लावता?"

"दीड वर्ष झालं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "दीड वर्ष सांगतेय, दाखवा कुणाला तरी. म्हणतात, मी तपासलंय. वरवरचा डाग आहे, पॉलिशने जाईल."

क्षितिजाने सोमवारी दवाखान्यात बोलावलं. पण परक्याने तपासण्याआधी माल आपण तपासायचा, ही सुधाकररावांची जुनी सवय. कारखान्यात लोखंडातली बारीक चीर शोधायला एक लाल द्रव फवारतात, पुसतात आणि वर पांढरी पावडर उडवतात. चीर असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भंगारात निघालेला तो एक डबा माळ्यावर होता. रविवारी दुपारी वैजयंतीबाईंचा डोळा लागला होता, तेवढ्यात सुधाकररावांनी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या नाकाची टेस्ट केली.

चीर निघाली नाही. रंगही निघाला नाही. साबण झाला, खोबरेल झालं, डाळीचं पीठ झालं. शेजारचा बाळू ठोंबरे मंडीदीपच्या एका कारखान्यात फिटर होता, तो मदतीला रॉकेल घेऊन आला. वैजयंतीबाईंनी त्याला रॉकेलसकट परत पाठवला. सोमवारी सुधाकरराव टमाट्यासारखं नाक घेऊन दवाखान्यात बसले, तेव्हा समोरच्या बाकावरचं एक पोर त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं.

"काका, कातडी म्हणजे पाइप नाही हो!" क्षितिजाने कपाळाला हात लावला. मग नाक बधिर करून तिने त्या जागेचा एक लहानसा तुकडा काढला आणि लॅबला पाठवला.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. तोपर्यंत नाक गुलाबीवर उतरलं होतं.

"काका, काकू, नीट ऐका," क्षितिजा म्हणाली. "हा कॅन्सर आहे. पण कातडीचा आहे आणि वेळेत काढला तर बरा होतो."

वैजयंतीबाईंनी टेबलाखाली नवऱ्याचा हात शोधला. तो आधीच त्यांचा शोधत होता.

"अजून एक सांगायचंय. हे जरा क्वचितच बघायला मिळतं. त्या एकाच जागी दोन वेगवेगळे कॅन्सर आहेत. एक बेसल सेल, एक स्क्वॅमस सेल. शेजारी शेजारी उगवले आणि वाढता वाढता एकमेकांना भिडले."

हात सुटला. सुधाकरराव ताठ बसले. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं.

"दोन?"

"हो, दोन."

"एका नगावर दोन? बाई, मग रिपोर्ट चुकलाय."

क्षितिजाला काही कळेना. वैजयंतीबाईंना कळलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. सुधाकररावांचं हे चौऱ्याण्णव सालचं प्रकरण त्या मंगळागौरीपासून मयतीपर्यंत सगळीकडे ऐकत आल्या होत्या. कारखान्यात नग बाद झाला की त्याला लाल टॅग बांधायचा आणि टॅगवर एकच कारण लिहायचं, असा नियम होता. चौऱ्याण्णव साली एका व्हॉल्व्हच्या टॅगवर दोन कारणं निघाली. सगळे म्हणाले, असेल. सुधाकरराव म्हणाले, नसेल. तीन दिवस शेड पालथी घातली आणि दाखवून दिलं की दोन वेगळ्या व्हॉल्व्हचे टॅग एकावर पडलेत. प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून देवघराच्या वर टांगलेलं आहे, देवांपेक्षा एक वीत उंच.

"एका नगाला एक टॅग," सुधाकरराव म्हणाले. "दोन दिसले की समजायचं, दोन माल एकत्र झाले. पहिला माझा, मान्य. दुसरा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. तो बिचारा कुठेतरी पोहे-जिलबी खात फिरत असेल आणि त्याचा कॅन्सर माझ्या फाइलमध्ये!"

"काका, तो दुसराच जास्त वाईट आहे," क्षितिजा समजावत म्हणाली. "पहिला सुस्त असतो, बसल्या जागी पसरतो. दुसरा हिंडू शकतो. उशीर केला तर मानेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. म्हणून जरा रुंद कापून दोन्ही एकदम काढायचे. पुढच्या मंगळवारी सर्जन आहेत. तुमची फक्त सही हवी."

"पहिल्यासाठी सही देतो."

"असं अर्धं ऑपरेशन होत नाही हो!"

"मग आधी दुसऱ्याचा मालक शोधा."

घरी येईपर्यंत त्यांनी मालक शोधायची मोहीम ठरवून टाकली होती. लॅबच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "अंकलजी, दूसरे मरीज का नाम नहीं बता सकते." सुधाकररावांना ते पटलं. नियम म्हणजे नियम. मग त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली: 'ज्यांनी दिनांक १२ रोजी कातडीची गाठ तपासायला दिली असेल, त्यांचा अर्धा रिपोर्ट माझ्याकडे आला आहे. रविवारी दहा ते बारा या वेळेत ओळख पटवून घेऊन जावा. सु. खानझोडे, निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर.'

पहिला अंगठा बाळूने दाखवला. बाळूचं मन मोठं होतं, वाचन कमी होतं. त्याने सूचनेचा हिंदीत सारांश केला आणि मंडीदीपच्या कारखान्याच्या ग्रुपवर टाकला: 'रविवार को अवधपुरी में त्वचा की जाँच, बड़े साहब खुद देखेंगे, एकदम फ्री.'

रविवारी साडेनऊला वैजयंतीबाईंनी दार उघडलं तर जिन्यात रांग. चामखिळी, गजकर्ण, भोवऱ्या, वेल्डिंगच्या ठिणगीचे डाग. एक बाई तर नवऱ्यालाच घेऊन आली होती, कारण तो दिवसेंदिवस काळा पडत चालला होता. "धूप में काम करता है बाबूजी, पर इतना?"

सुधाकररावांनी एकालाही परत पाठवलं नाही. बाल्कनीत खुर्ची मांडली, कारखान्यातलं भिंग काढलं आणि एकेकाला उजेडात धरून बघितलं. प्रत्येकाच्या शर्टाच्या गुंडीला दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधली. 'गोल, कडा साफ, चालेल.' 'खरखरीत, पुन्हा दाखवा.' काळ्या पडलेल्या नवऱ्याच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, 'मूळ रंग, दोष नाही,' आणि त्याच्या बायकोने ते तीनदा वाचून घेतलं. वैजयंतीबाईंनी तीन घाणे पोहे केले. कांदा संपला, मग शेव संपली, मग नुसते पोहे.

अकराला क्षितिजा आली. बाल्कनीतला दवाखाना बघून ती आधी भडकली. पण माणसं उन्हात उभी होती, म्हणून तिने पर्स बाजूला ठेवली आणि सगळ्यांना पुन्हा तपासलं. तिघांना दवाखान्यात बोलावलं. त्या तिघांच्या गुंडीवर 'पुन्हा दाखवा' असंच लिहिलेलं होतं, हे तिने सुधाकररावांना मुद्दाम सांगितलं नाही.

"काका, सापडला मालक?"

"या लॉटमध्ये नाही," सुधाकरराव म्हणाले.

"मंगळवारी येताय?"

"एकदा मालक मिळू दे."

मंगळवार आला आणि गेला. सर्जनने दुसरा पेशंट घेतला. सुधाकरराव आता सकाळी फिरायला जाताना लोकांची नाकं बघायचे. बागेत एका निवृत्त जजसाहेबांच्या इतक्या जवळ जाऊन बघितलं की जजसाहेबांनी बाग बदलली.

वैजयंतीबाईंनी भांडून बघितलं, अबोला धरून बघितला, वांग्याची भाजी करणं बंद करून बघितलं. काही उपयोग झाला नाही. मग त्या दिवसातून तीनतीनदा त्यांची कॉलर सारखी करायला लागल्या. कॉलर सारखी करताना दोन बोटं मानेवरून फिरवायच्या. जबड्याखाली, कानाच्या मागे, खाली गळ्यापर्यंत.

"मान काय दाबतेस सारखी?"

"कॉलर मळलीय."

"बनियन घातलाय मी. बनियनला कॉलर कुठाय?"

वैजयंतीबाईंनी पायात चपला सरकवल्या, डब्यात बेसनाचे लाडू भरले, रिक्षा केली आणि थेट लॅब गाठली. रिपोर्टवर सही असलेल्या डॉक्टर मंजूषाबाईंना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या आणि लाडवांचा डबा मांडीवर घेऊन पाऊण तास बसल्या.

"डॉक्टर," त्या शेवटी आत जाऊन म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा डॉक्टरवर विश्वास नाही, देवावर जेमतेम आहे, पण स्वतःच्या डोळ्यावर भारी आहे. तो डोळा एकदा तुमच्या यंत्राला लावू द्याल का? एवढंच मागते."

मंजूषाबाईंनी लाडू फोडला. तोंडात टाकला. म्हणाल्या, "उद्या अकराला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सुधाकरराव इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. खिशात चार रंगांची पेनं होती. लॅब शेवटी स्वतःची चूक मान्य करतेय, अशी त्यांची समजूत होती आणि वैजयंतीबाईंनी ती मोडली नव्हती.

मंजूषाबाईंनी काचेची पट्टी यंत्राखाली सरकवली. "हा तुमच्या नाकाचा उभा काप. आधी नंबर बघा."

सुधाकररावांनी नंबर तीनदा बघितला आणि रिपोर्टशी ताडला. मग वाकून डोळा लावला.

"डावीकडे गडद जांभळे पुंजके दिसतात? त्यांच्या कडेला पेशी कशा कुंपणासारख्या ओळीत उभ्या आहेत बघा. तो पहिला. आता उजवीकडे या. तिथे गुलाबी भोवरे आहेत, कांद्याच्या चकतीसारखे. तो दुसरा."

"दोन वेगळे तुकडे शेजारी चिकटवलेत," सुधाकरराव डोळा न काढता म्हणाले.

"मग सांधा शोधा."

त्यांनी शोधला. मंजूषाबाईंनी पट्टी सरकवायची चाकं त्यांच्या हातात दिली आणि स्वतः दुसरा लाडू घेतला. सुधाकररावांनी डावीकडून उजवीकडे बघितलं, उजवीकडून डावीकडे बघितलं, वरून बघितलं, खालून बघितलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वैजयंतीबाईंना फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ आधी ताठ होती. मग हळूहळू थोडी वाकली.

"वरची कातडी सलग आहे," ते अखेर म्हणाले. "इकडून तिकडे. कुठे कट नाही, जोड नाही. मधे दोघं भिडलेत, पण नग एकच आहे."

"एकच आहे," मंजूषाबाई म्हणाल्या.

"काप छान घेतलाय हो. एकदम साफ." एवढं म्हणून त्यांनी चष्मा लावला. चारही पेनं खिशातच राहिली.

बाहेर उसाच्या रसाची गाडी होती. दोघं बाकड्यावर बसले. सुधाकररावांनी ग्लास हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"वैजू, तो दुसरा माणूस नाहीच गं."

"नाही."

"मला वाटायचं, तो सापडला की वाईट होतं ते तो घेऊन जाईल. आपल्याकडे सुस्त तेवढा राहील." ते रसाकडे बघत होते. "आता दोन्ही माझेच. कसं पेलणार?"

वैजयंतीबाईंनी त्यांचा ग्लास घेतला, अर्धा प्यायल्या आणि परत दिला. "त्रेचाळीस वर्षं तुमचं सगळं निम्मं मीच पेलतेय. तुमची आई, तुमचं घोरणं, तो चौऱ्याण्णव सालचा व्हॉल्व्ह. आता हेच काय जड आहे? प्या."

ते प्यायले. रिक्षात बसल्यावर वैजयंतीबाईंनी त्यांची कॉलर सारखी केली. या वेळी सुधाकररावांनी मान थोडी तिरकी करून दिली, म्हणजे बोटं खालपर्यंत पोचतील.

"लागतंय का काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. नुसता घाम."

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलं. संमतीचा फॉर्म चार पानांचा होता. सुधाकररावांनी तो चष्मा पुसून वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि झोकात सही ठोकली. सही सर्जनच्या जागी पडली. पस्तीस वर्षांत त्यांनी 'तपासले' याच्याच खाली सही केलेली, हात आपोआप तिकडे गेला. नवा फॉर्म आला. त्यावर त्यांनी साक्षीदाराच्या जागी सही केली. तिसऱ्या फॉर्मच्या वेळी क्षितिजाने त्यांच्या हाताखाली बोट धरलं आणि सही एकदाची पेशंटच्या रेघेवर उतरली.

नाक तेवढं बधिर केलं होतं, तोंड चालू होतं. कानामागची कातडी काढून नाकावर बसवणार म्हटल्यावर सुधाकररावांनी दोन्हीची जाडी विचारली, रंग जुळेल का विचारलं, टाके किती अंतरावर घालणार विचारलं. सर्जनने क्षितिजाला विचारलं की जीभ बधिर करायचं काही आहे का. बाहेर वैजयंतीबाई बाकावर बसल्या होत्या. बाळू त्यांच्यासाठी समोसे घेऊन आला होता. त्यांनी एकालाही हात लावला नाही, म्हणून बाळूने एकेक करून चारही संपवले आणि मग चूक लक्षात येऊन नव्याने चार आणले.

दोन तासांनी सुधाकरराव बाहेर आले. नाकावर पांढरी पट्टी, कानामागे पट्टी, दोन बोटं वर केलेली.

"दोन्ही निघाले," ते नाकातून म्हणाले. "पण खरं काय ते लॅब सांगेल. कडा तपासल्याशिवाय माल पास होत नाही."

मग सुरू झालं वाट बघणं. कापलेल्या तुकड्याच्या कडा साफ आहेत की कुठे काही शिल्लक आहे, ते आठ दिवसांनी कळणार होतं. या आठ दिवसांत सुधाकररावांनी एकदाही भिंग काढलं नाही. वैजयंतीबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली. पाचव्या दिवशी त्यांनी मुद्दाम तडा गेलेली कपबशी त्यांच्यासमोर ठेवली. ते त्यातून गुपचूप चहा प्यायले.

नवव्या दिवशी सकाळी क्षितिजा स्वतः पाकीट घेऊन आली. जिन्यातूनच ओरडली, "काकू, साखर काढा!"

"वाच," सुधाकरराव खुर्चीतून म्हणाले.

"दोन्ही गाठी पूर्ण निघाल्यात. चारही कडा साफ. खालची बाजूही साफ. मानेत काही नाही. आता फक्त दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं आणि उन्हात टोपी घालायची."

वैजयंतीबाई साखर आणायला म्हणून आत गेल्या आणि डब्याचं झाकण हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. बाहेरून त्यांना नवऱ्याचा आवाज आला. तो पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत होता.

"आण इकडे तो कागद. आणि माझं भिंग कुठाय गं?"

त्यांनी भिंग दिलं. सुधाकररावांनी पट्टीवरून चष्मा सावरला आणि वरून वाचायला सुरुवात केली. नाव बरोबर होतं. वय बरोबर होतं. नमुन्याचा नंबर बरोबर होता.

लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' छापलेलं होतं.